उलटी बाजू

होटगी रोडच्या शोरूमात एसी फुल्ल,
बाहेर चव्वेचाळीस.
मल्लिनाथ बिराजदार, वय बावीस, गळ्यात टाय,
म्हणतो, "काका, बसून तर बघा की ओ."
बसलो.
पाय टेकेनात. नुसते चवडे.
जिच्यावर बसून पाय टेकत नाहीत
ती तीन लाख चाळीस हजार.

रस्ता ओलांडला की नव्या कंपनीची.
तशीच चोच, तसाच सायलेन्सर वर उचललेला,
पुढचं चाक तसंच मोठं, तारांचं.
एक लाख बहात्तर.
पाय टेकतात.
सर्व्हिस सेंटरचं विचारलं तर तिथली पोरगी म्हणाली,
"सध्या पुण्याला आहे सर, इथलं दिवाळीपर्यंत होईल."
कुठल्या दिवाळीपर्यंत, ते मी विचारलं नाही.

पद्मजा म्हणते, घेऊन जाणार कुठं?
घर ते एमआयडीसी, एमआयडीसी ते घर,
तुमचं ॲडव्हेंचर म्हणजे अशोक चौकातला खड्डा.
खरंय.
पण मागच्या थंडीत एकदा, सुट्टी होती,
नान्नजच्या माळावर गेलो होतो पहाटे, ह्याच जुन्या शंभर सीसीवर.
माळढोक दिसतो म्हणतात. दिसला नाही.
चेन पडली, गाडी ढकलत आलो डांबरीपर्यंत.
पण गवत होतं. वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं,
टॉवेलच्या लूपवरनं कुणी तळहात फिरवावा तसं.
तिथून पुढं एक पायवाट जात होती.
ती कुठं जाते, एवढंच आहे माझं.

विजापूर वेशीतला मैनोद्दीन
दोन्ही गाड्यांची नावं ऐकून आधी चहा सांगतो.
"महागडीचा नट पाच वर्षांनीबी सुटतो.
स्वस्तातल्याचं डोकं दुसऱ्या वर्षी गोल हुतंय.
पण मग तुमी माझ्याकडं येणार.
महागडी घेतली तर येणार न्हाई.
आता मी काय सांगू, बोला."

सत्तावीस वर्षं मी चादरी तपासतो.
नव्या पेठेत एकदा एक बाई,
माझ्यासमोर, दुकानात,
आमची चादर बाजूला सारून
परगावची उचलत होती. तोच मोर, तोच लाल,
कोपऱ्यात आमच्याच गावाचं नाव.
निम्मी किंमत.
राहवलं नाही. म्हटलं, ताई, उलटी बाजू बघा.
खऱ्या चादरीला उलटी बाजू नसते,
तिकडंबी मोर असतो, फक्त रंग बदललेला.
बाईनं बघितलं. मान हलवली.
आणि निम्म्या किमतीचीच घेतली.
चार घेतल्या.
मी तिला मनात काय काय म्हणालो
ते इथं लिहीत नाही.

म्हणून काल मी शोरूमात फरशीवर आडवा झालो.
मल्लिनाथ घाबरला, त्याला वाटलं ऊन लागलं.
आधी तीन चाळीसच्या बुडाखाली बघितलं:
वेल्डिंग सलग, टाका चुकलेला नाही.
मग रस्ता ओलांडून एक बहात्तरच्या:
इंजिनाखालची पत्री टिचकी मारली तर प्लास्टिक,
चंदेरी रंग दिलेला.
जोडाजवळ गाठ. अशी गाठ दिसली
की मी खडूनं फुली मारतो.
हात खिशाकडं गेलासुद्धा.

पण मग ती बाई आठवली.
चार चादरी.
घरात चार माणसं असतील.

बुकिंगचे पाच हजार अजून खिशातच आहेत.
मल्लिनाथचे दोन फोन, त्या पोरीचा एक.
बाहेर आलो, जुनी गाडी उन्हात उभी.
सीटवर टॉवेल घातलेला, नाहीतर बसवत नाही.
टॉवेल सेकंडच्या मालातला, किलोवर घेतलेला.
अकरा वर्षं झाली, धुवून धुवून पांढरा पडला,
अजून एक धागा सुटलेला नाही.
त्यात चूक कुठं आहे ते फक्त मला माहिती.
फुली मीच मारली होती.