इतिवृत्तात नसलेलं

उट्रेख्त, तिसरा मजला, नोव्हेंबर.
माझं काम टिपणं घ्यायचं:
कोण काय म्हणालं, किती गुण पडले,
कुणाचे हितसंबंध गुंतलेत म्हणून
कोण कुठल्या अर्जाला बाहेर जाऊन उभं राहिलं.

एकवीस अर्ज. पैसे चौघांपुरते.
आठवण जाते त्यावरचे नव्हेत हे,
आठवण गेल्यावर जे घरात शिरतं त्यावरचे:
संशय, भास, रात्रीची येरझार,
आणि ती उदासीनता, जिची तक्रार
कुणी करत नाही, कारण ती गप्प बसते.

सतरावा अर्ज संध्याकाळच्या अस्वस्थतेचा.
डॉक्टर ब्राउव्हर म्हणाले, नमुना तोकडा.
संख्याशास्त्राच्या मरेइकेबाई दातांवर पेन्सिल वाजवत:
"वारंवारता गुणिले तीव्रता, ठीक.
पण वर्षभरात निम्मी माणसं गळतील,
ती कुठे धरलीत?"
गळतील म्हणजे मरतील.
मी 'गळती' असंच लिहिलं.

टेबलाच्या टोकाला वीत्स्के तेरप्स्त्रा,
हार्लिंगेनहून पहाटेच्या गाडीनं आलेली.
'अनुभवी सदस्य' असं नावाखाली छापलेलं.
तिचं मत अर्ध्या वजनाचं; नियमच तसा.
तिनं मात्र एकवीसही अर्ज वाचले होते,
समासात, भाजीच्या यादीच्या अक्षरात,
प्रश्न.

"काळजी घेणाऱ्याचा त्रास, शून्य ते पाच,"
तिनं चष्मा पुसला.
"श्युर्डनं मला चोर म्हटलं त्या दिवशी मी तीन लिहिलं.
पाच हातचे राखून ठेवले.
अजून वाईट यायचं होतं ना."

कुणीतरी कॉफी ओतली. कुणी ती घेतली नाही.

"चाळीस वर्षं तो कालव्याच्या दारांवर होता.
अंधारून आलं की स्वयंपाकघराचं दार
दोन्ही हातांनी दाबून धरायचा. पाणी चढतंय म्हणे.
इथे लिहिलंय, रुग्णाचं लक्ष दुसरीकडे वळवावं.
मी नाही वळवलं. मीही दार धरायची.
साडेसहाला ओहोटी लागायची, मग आम्ही जेवायचो."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, नम्रपणे:
"म्हणजे सतराव्याला तुमचा पाठिंबा?"

"नाही. नवव्याला.
तो उदासीनतेचा.
ऑगस्टपासून श्युर्ड दाराशी येत नाही.
पाण्याचं विचारलं तर म्हणतो, येऊ दे."

तीन वाजता ती उठली.
प्रवासखर्चाचा फॉर्म भरला,
सोबतीच्या बाईचे तास कुठे लिहायचे विचारलं,
त्याला रकाना नव्हता, मी 'इतर' दाखवला.
शेजारची फेमके सहापर्यंतच थांबते, म्हणाली,
आणि कोट अंगात घालता घालताच जिन्याकडे वळली.

मग मतं मोजली.
नववा पाचवा आला, दशांश चिन्हापुढच्या
दुसऱ्या अंकानं.
रेघ चौथ्याखाली.

पत्रं सहा आठवड्यांनी जातील.
मी लिहिलं: अर्ज नऊ व सतरा,
सदस्यांत सविस्तर चर्चा झाली.