पाचवा गुरुवार

नोव्हेंबरात यंदा पाच गुरुवार.
पाटीवर रेघा मात्र चारच,
रंगाने आखलेल्या, कायमच्या,
बोग्नाच्या नवऱ्याच्या हातच्या.
पाचवा गुरुवार त्याच्या हिशोबात नव्हता.
बरंच काही नव्हतं.

ग्दिनियाच्या बंदरामागे, तेरा पायऱ्या खाली,
जिथे हेरिंगची पिंपं ठेवत
तिथे आता एकेचाळीस खुर्च्या आणि एक पियानो.
हवा दमट झाली की भिंती अजून मासळी आठवतात.
बाहेरगावचे वादक आधी नाक मुरडतात,
तिसऱ्या तुकड्यापर्यंत विसरून जातात.

मी ग्लास विसळतोय.
बोग्ना स्टुलावर चढून खडू उचलते.

दोन तारीख. मृतांचा दिवस.
लोक कबरींवर दिवे लावून थेट इथे उतरतात,
बोटांना मेणाचा वास, बुटांना स्मशानातली पानं.
त्या रात्री कोण वाजवणार ते ती लिहीत नाही.
ज्याला ज्याच्यासाठी वाजवायचं असेल तो वाजवतो.
पहिली खुर्ची रिकामी असते
आणि तिच्यावर कुणी कोट टाकत नाही.

नऊ : यागोदा, सॅक्सोफोन.
बाप धक्क्यावर क्रेन चालवायचा.
ती श्वास भरते तेव्हा वाटतं
काहीतरी जड हळूहळू जमीन सोडतंय
आणि खाली उभं राहून कुणीतरी हात हलवतंय :
अजून. अजून थोडं. बास.

सोळा : कार्ल्सक्रोनाचे तिघे, बोट वेळेवर आली तर.
गेल्या खेपेला वादळात अडकले.
लोक रात्री दीडपर्यंत सूप पीत बसून राहिले,
सूप संपलं, तरी बसून राहिले.
ड्रमवाला आला तो हिरवा पडलेला, ओल्या बुटांनिशी,
आणि समुद्र पोटातून न उतरताच वाजवायला बसला.
तसा ठेका पुन्हा कधी सापडला नाही, म्हणतो.
यंदा हवामान चांगलं आहे. त्याला काळजी वाटते.

तेवीस : हाल्श्का.
गळ्याच्या ऑपरेशननंतर वरचा षड्ज तिने सोडून दिलाय.
तिथे आली की थांबते, पापण्या मिटते,
एकेचाळीस माणसं आपापल्या मनात तो लावतात.
कुणाचा बेसूर होत असेल, कळायला मार्ग नाही.

इथे पाटी संपते.
बोग्ना स्टुलावरून उतरते, गुडघ्यावर बसते,
आणि खालच्या लाकडी चौकटीवर, तिरक्या अक्षरात :
तीस. लुदोमिर. पियानो. आठ वाजता.

लुदोमिरला विचारलेलं नाही.

लुदोमिर दर बुधवारी सकाळी येतो, पियानो जुळवायला.
झाकण उघडतो, आत डोकं घालतो,
एकेका तारेशी दाताच्या डॉक्टरसारखा वागतो.
मग काम झालं की, तपासायचं म्हणून,
चार मिनिटं काहीतरी वाजवतो.
मी नळ बंद करतो.
बोग्ना वर गल्लीत सिगारेट धरून उभी असते, न पेटवलेली.
एकोणीस वर्षं आम्ही तिघं
या चार मिनिटांबद्दल एक अक्षर बोललेलो नाही.

पहिल्या बुधवारी त्याने नाव वाचलं
आणि कोटाच्या बाहीने पुसलं.
"माझं काम तारांशी," म्हणाला, "माणसांशी नाही."
बोग्नाने पुन्हा लिहिलं.
दुसऱ्या बुधवारी पुन्हा पुसलं, पण अर्धंच :
नुसतं "मिर" उरलं.
गिऱ्हाइकं विचारू लागली, हा कोण नवा?
रशियन आहे का? तिकिटं अकरा गेली.

आज तिसरा बुधवार.
लुदोमिर पाटीसमोर वाकून बराच वेळ उभा.
बाहीवर जुना खडू तसाच, झटकलेला नाही.
"त्या दिवशी पियानो कोण जुळवणार?"
"तूच."
"त्याचे पैसे वेगळे."
"वेगळे."

मग त्याने बोटाने आठ पुसले, साडेआठ केले.
आठची ट्रॉलीबस, म्हणाला, भरवशाची नाही.