खोकल्याचा खर्च

मीटरवर चार पौंड बारा पेनी.
चावी काढून पुन्हा घातली, आकडा तोच.
आज गुरुवार. पेन्शन मंगळवारी.

अंथरूण पाहून पाय पसरले जन्मभर,
आता पाय पोटाशी घेऊन निजते
तरी अंथरूण पुरत नाही,
याला काय म्हणायचं?

कौन्सिलची पोरगी आली होती, कॅरिस.
कोट न काढताच बसली. शहाणी.
म्हणाली, मिसेस प्रॉसर,
बॉयलरचं पाणी पंचावन्नवर आणा,
किटलीत एका कपापुरतंच ओता,
पण आधी वारा शोधा.
घर तापवण्याआधी वारा शोधा.

सत्तरीच्या केकवरची मेणबत्ती होती, सातचा आकडा.
(शून्य नातवाने नेलं.)
ती पेटवून घरभर हिंडले
हरवलेलं मांजर शोधावं तशी.
पत्रं टाकायच्या फटीशी ज्योत वाकली,
तिथे ब्रशाची पट्टी, तीन पौंड.
खिडकीशी थरथरली, तिथे फोम.
मागच्या दाराला आयवरच्या पँटचा एक पाय
वाळू भरून, दोन्ही तोंडं शिवून.
आयवर जाऊन नऊ वर्षं झाली,
एक पाय अजून घरात आहे.

आणि फायरप्लेसपाशी ज्योत आडवीच झाली.
चिमणी!
नाव चिमणीचं, खाणं गिधाडाचं.
किती हिवाळे माझे पैसे
त्या भोकातून डोंगरावर जात होते.

डोंगर आमचाच. म्हणजे, बाबांनी आतून पोखरलेला.
तेव्हा दारात कोळशाचा ढीग पडायचा, हक्काचा,
आणि आम्ही इतकी आग करायचो
की जानेवारीत खिडकी उघडावी लागे.
खिडकी उघडायचो!
आठवलं की हसू येतं, मग राग येतो,
मग मी मोज्यांवर मोजे चढवते.

चिमणीला लोकरीचं बूच मिळतं, वीस पौंडांना.
मी तीन स्वेटर उसवले, गोळा केला,
झाडूच्या दांड्याने वर कोंबला.
त्या रात्री खोली सोळावर टिकली. आधी तेरा.
मी काट्यापुढे उभी राहून
चहा प्याले, फ्लास्कमधला, सकाळचा,
आणि राणीसारखी झोपले.

तिसऱ्या रात्री जाग आली. काहीतरी नव्हतं.

पलीकडे एम्रिस राहतो.
आमच्या चिमण्या पाठीला पाठ लावून वर जातात.
आठच्या बातम्या संपल्या की
त्याचा खोकला माझ्या राखेत पडायचा.
खाणीतला खोकला. खाण बुजली, हा उरला.
चाळीस वर्षं ऐकला, कधी लक्ष दिलं नाही.
आढ्याकडे कोण लक्ष देतं?

सकाळी जाऊन दार वाजवलं.
टोपी घालूनच आला. काय?
काही नाही. साखर आहे का थोडी?
तू कधीपासून साखर खातेस?
वाटीभर साखर घेऊन परत आले.
अजून तशीच आहे.

आता रोज आठला गोळा खाली ओढते,
खोकला ऐकते, गोळा परत कोंबते.
दोन मिनिटं. फार तर एक पेनी.
वहीत लिहिते: किटली, आंघोळ, दिवे, खोकला.
बेरीज चुकवायची नाही, ही माझ्या आईची शिस्त.

वापरा न वापरा, मीटरचं भाडं रोज कापलं जातं,
त्याच्याखाली मात्र मी नुसती रेघ मारते,
जोरात.

काल साडेआठ झाले, खोकला नाही.
गोळा मांडीवर. हातांना काजळी.
खोली चौदावर आली, मग साडेतेरावर.
कोट घातला, किल्ली घेतली,
आणि वरून, विटांमधून, आधी खोकला आला,
मग त्याचा आवाज, वैतागलेला:

घाल ते परत, नेस्टा. गारठशील.