पसंतीक्रम

काल रात्री शर्वाणीचा निरोप आला, लोणावळ्याहून:
"बाबा, तीन रकाने आहेत. उद्या सहापर्यंत भरायचेत.
कुठल्या वर्गाचं जहाज आधी लिहू?"

आणि आज सकाळपासून मी बहरीनच्या हिद्दला, सुक्या गोदीत,
एका करड्या जहाजाच्या पोटाखाली उभा आहे.
कुणाचं, ते आम्हाला सांगत नाहीत.
मोबाइल फाटकावरच्या पेटीत, बिल्ला गळ्यात,
आणि ऑगस्ट असा
की वरून ठिबकणारं पाणीही कढत.

बावीस वर्षं मी जहाजं पाहिली ती खालून.
इथून नाव दिसत नाही, झेंडा दिसत नाही.
दिसतात बुडाला धरलेली कालवं,
सुकाणूच्या सांध्यातली झीज,
पंख्याच्या पात्यावर कुणीतरी घाईत उरकलेलं वेल्डिंग.
वर्ग म्हणजे काय, मला एवढंच ठाऊक:
कुठल्या जहाजाखाली ताठ उभं राहता येतं
आणि कुठल्याखाली वाकावं लागतं.

विनाशिका मोठी, पोरी. तिचं टर्बाइन बंद खोक्यात.
बिघडलं की अख्खं उचलून किनाऱ्याला धाडतात;
तू आकडे वाचशील, काचेमागे, गारव्यात.
सुरुंग शोधणारी बोट लहान, डिझेलची, कुरकुरी,
लाटेत आतडी बाहेर काढते,
पण तिची झाकणं तुझ्या पान्याला उघडतील.
तळहाताला कळेल
कुठला सिलिंडर लंगडतोय.

जेवताना रफीक परकारला विचारलं.
दाभोळचा माणूस. भाकरी मोडत म्हणाला,
"मोठ्यावरच धाड तिला, दिगंबर.
लहान बोटीवर साहेब न् खलाशी एकाच घामात बसतात,
मग सलाम कोण ठोकणार?"
बिजू म्हणाला, पाणबुडी. आणि हसला.
पाणबुडीखाली तो कधी गेलेला नाही.

दुपारी समुद्रपाण्याची जाळी उघडली.
आत जेलीफिश, दोन बादल्या,
शिजून खळीसारखे झालेले.
यांच्यापायी इंजिन तापलं होतं म्हणे.
यांना वर्गबिर्ग कळत नाही,
मोठीच्या काय, लहानीच्या काय, घशात अडकतात.
कोपरापर्यंत हात घालून ओढत होतो
तेव्हा उत्तर ठरलं:
जिथे तुझा हात पोचेल, ते.
वाक्य मनात दोनदा घासलं. बरं वाटलं,
नट पहिल्याच फिरकीत आट्यात बसावा तसं.

फाटकावर मोबाइल हातात पडला तेव्हा चार.
तिकडे साडेसहा होऊन गेलेले.
अडीच तासांचा हा फरक
पैसे पाठवताना मी कधी विसरलो नाही.

"भरला, बाबा. पहिली विनाशिका. गॅस टर्बाइन.
तुम्ही लहान बोट म्हणाला असतात, माहितेय.
तरी विचारावंसं वाटलं."

मला कुणी विचारलं नव्हतं.
एजंटाने कागद पुढे सरकवला,
बंदराचं नाव अरबीत होतं,
मी सही केली, अंगठा उठवावा तशी.
तिच्यापुढे तीन रकाने होते. तीन.

बसमध्ये लिहिलं, "छान." पुसलं.
लिहिलं, "पाण्याची जाळी रोज स्वतः बघ." पाठवलं.
मग रफीककडे सरकून विचारलं,
"ते टर्बाइन सुरू होताना आवाज कसा येतो रे?
खालून नाही. आतून."

रफीक बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला,
तेलाच्या टाक्या जाऊ दिल्या,
आणि म्हणाला,
"विचार की तिला."