बदामाएवढं

डॉक्टर प्रिचर्डनी गोळी दिली नाही.
कागदावर लिहिलं: रोज चाळीस मिनिटं, झाडांतून. फोन खिशात.
मला हसू आलं. रात्रभर मीच तर बघते
लोकांचे मेंदू, काप काप करून, करड्या पडद्यावर,
आणि आत खोल, दोन्हीकडे एकेक, ती बदामाएवढी गाठ
जिथे भीती राहते.
भीती पडद्यावर दिसत नाही.
दिसतं ते फक्त तिचं घर.

आई रोज रात्री पाच बदाम भिजत घालायची,
डोकं चालावं म्हणून.
गेले तीन आठवडे माझं चालत नाही.
पळतं. एकाच जागी.
चौकशीच्या पत्रातल्या तीन ओळी
पाढ्यासारख्या येतात,
दात घासताना, बिलाच्या रांगेत, झोपेच्या अगदी काठावर.

तर ड्यूटी संपली की हॅलमशर हॉस्पिटलच्या उतारावरून
खाली एंडक्लिफ पार्कात.
पहिल्या दिवशी मी झाडं बघितलीच नाहीत,
घड्याळ बघितलं. एकवीस मिनिटं झाली, परत फिरले.
दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्याही. शेफील्डच ते.
चौथ्या दिवशी पोर्टर ओढ्यातल्या दगडांवरून
पलीकडे जाताना पाय घसरला,
आणि मग बराच वेळ
डोक्यात फक्त भिजलेला मोजा होता.

वर जुनं पाणचाक आहे. इथे सुऱ्यांना धार लावायचे.
पाण्याची धार, पात्याची धार,
आपल्याकडे शब्द एकच,
हे मला सत्तेचाळीसाव्या वर्षी, परक्या ओढ्याकाठी कळावं!
मी मात्र इथे बोथट व्हायला येते.

पुढे रानलसूण, पायवाटेच्या दोन्ही अंगांना,
पान चुरगळलं तर थेट फोडणीचा वास.
पोटात काहीतरी हललं.
भूक. किती दिवसांनी.
कुत्र्यामागे ओढली जाणारी मॉरीन म्हणाली, बरी आहेस ना, लव्ह?
हो म्हटलं, आणि दहा पावलांवर लक्षात आलं,
पत्रातली दुसरी ओळ आठवत नाहीये.

थांबले. आठवून पाहिली.
पहिली आली. तिसरी आली.
मधे नुसता पाण्याचा आवाज.

घरी जाऊन ड्रॉवर उघडला की वाचता येईल. वाचीनही.
सुनावणी गुरुवारीच आहे, आणि चूक माझीच होती, अर्धी तरी.
झाडांनी काही माफ केलेलं नाही,
त्यांना कुणी विचारलंही नाही.
बदाम असेल तेवढाच.
फक्त भिजलाय.
बोटांत धरून दाबला
तर साल सुटेल, असं वाटतंय.