बेचाळीस दिवस

होडीवर एकही ओरखडा नव्हता.
अहवालातलं पहिलं वाक्य मी तेच लिहिलं.
शेरीफच्या माणसांनी ती गोदामात ठेवलेली,
खाली लाकडी ठोकळे, वर ताडपत्री,
शेजारी रात्रंदिवस चालणारा हीटर.
न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर
म्हाताऱ्यांनासुद्धा एवढी ऊब मिळत नाही.

कर्ज लिअँडरचं, इंजिनाचं. चार हप्ते थकलेले.
होडी मात्र बहिणीची, फिलोमिनाची,
बापाने जाताना तिच्या नावावर केलेली.
जप्तीच्या कागदावर नावाची चूक एवढीशी,
आणि पॅटन्स रीचला शेवंडीचा हंगाम
नेमका त्याच आठवड्यात सुरू झालेला.

कोर्टाने मला विचारलं, किती?
एकोणीस वर्षं झाली, 'किती'ला मी भीत नाही.
होडी परत मिळाली, तेव्हा तिची किंमत बाजूला.
बुडालेले दिवस बेचाळीस.
त्यातून वादळाचे नऊ वजा.
रविवार सहा, तेही वजा.
(रविवारी आपण सापळे उचलत नाही,
हे तिनेच सांगितलं, कुणी न विचारता.
तिच्या वकिलाने डोळे मिटून घेतले.)
उरले सत्तावीस.
गुणिले रोजच्या शेवंडी, गुणिले धक्क्यावरचा भाव,
वजा न जाळलेलं डिझेल,
वजा सापळ्यांत न घातलेलं आमिष,
वजा भाच्याची न दिलेली मजुरी.
माणूस घरी बसला की त्याचं किती वाचतं
हे आमच्याइतकं कुणाला कळत नाही.

बँकेचा वकील म्हणाला, होडीला इजा नाही.
मी म्हणालो, नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी
पुलावरून जाताना ती दिसली,
कमरेएवढ्या पाण्यात उभी,
होडीत दगड रचत होती.
होडी काठोकाठ बुडालेली.
मी गाडी थांबवली. वाटलं, रागाने करतेय.

"फळ्या आखडल्यात," ती म्हणाली, मान वर न करता.
"सांध्यातून करंगळी जाते. कोरडी ठेवली ना तिला.
आता पिऊ दे. फुगेल."

किती दिवस?

"तीन. चार. तिचं तिला ठाऊक."

तीन, चार. हे मी धरलेच नव्हते.
तसं बोलायला तोंड उघडलं,
तर ती म्हणाली,
"उभे काय राहता? तो मोठा दगड द्या इकडे."

मी दिला.