वीतभर

सफरचंदाच्या खोडात सरळ फळी
वीतभरच निघते.
पुढे झाड वळतं,
जिथे कधीकाळी छाटलं होतं
त्या जागेकडे पाठ करून.
म्हणून मी टेबलं करत नाही, पाळणे करत नाही,
डब्या करते.
अंगठीची, बटणांची, दुधाच्या दातांची.

लाकूड माझ्या बापाचं.
म्हणजे त्यानं लावलेलं नव्हे,
उपटलेलं.
इंग्लंडनं आमची फळं घेणं कमी केलं,
मग सरकारनंच पैसे दिले, झाडं काढायचे.
एल्ड्रेड हॅलमनं कागदावर सही केली
आणि त्या रात्री जेवताना
पहिल्यांदाच मीठ मागितलं नाही.

बुलडोझर आयव्हर डग्डेलचा.
मी सात वर्षांची, कुंपणावर बसून मोजत होते:
स्टर्मर, डेमोक्रॅट, क्लिओपात्रा,
ओढ्याकडची ओळ, चर्चकडची ओळ.
मुळं सुटताना आवाज येतो
ओलं पोतं फाडल्याचा.
लोकांनी ढीग रचून पेटवले.
ह्युऑनच्या खोऱ्यात तो हिवाळाभर
धुराला जॅमचा वास होता,
आणि वाळत घातलेल्या चादरींना,
आणि शाळेतल्या बाईंच्या केसांना.

आमचे ऐंशी बुंधे तेवढे शेडमध्ये गेले.
"जळणाला," बाप म्हणाला.
त्यानंतर तेवीस हिवाळे
आम्ही विकतचं जळण आणून जाळलं.

तो गेल्यावर मी ढिगाला हात लावला.
निम्मं तडकलेलं. किड्यांनी
स्वतःपुरत्या गल्ल्या केलेल्या.
उरलेलं मात्र हाडासारखं घट्ट,
पटाशीला धार नसेल तर हसतं.
धार असेल तर रंध्यातून
तांबूस, पातळ, लांबच लांब साल निघते,
फळच सोलत बसल्यासारखी.

तळाला लावते जुन्या खोक्यांची फळी,
ज्यांतून सफरचंदं बोटीनं जायची.
ठशाची अक्षरं आतल्या बाजूला.
एका डबीत 'टास' येतं,
दुसरीत 'मानिया',
आणि एकीत नुसताच
खिळ्याचा गंजका डोळा.
तो मी बुजवत नाही.

बिजागरी पितळेची नाही,
ब्लॅकवूडची काडी, काडेपेटीतल्या काडीहून जरा जाड.
जुलैच्या ओलीत झाकण फुगतं, बसत नाही.
गिऱ्हाइकं परत घेऊन येतात.
मी सांगते, ठेवा, फेब्रुवारीत बसेल.
झाड पडलंय हे लाकडाला
अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

परवा सिग्नेटच्या बाजारात
आयव्हर डग्डेल आला.
नव्वदीकडे झुकलेला, दोन काठ्या, कानात यंत्र.
मला ओळखलं की नाही कोण जाणे.
एकेक डबी उघडून आत नाक घालत गेला.
शेवटी एक धरून म्हणाला,
"कुठली ओळ?"

ओढ्याकडची असेल, मी म्हटलं.

"ओढ्याकडची चिवट होती.
दोनदा साखळी तुटली माझी."
आणि झाकणावरच्या निळ्याकाळ्या डागावर
अंगठा ठेवून उभा राहिला.
तिथे कुंपणाची तार रुतली होती;
तार गेली, लोखंड उतरलं.

किंमत ऐकून हसला.
"झाडामागे मला याहून
पुष्कळ कमी मिळायचे."
मी पैसे नको म्हणणार होते.
तोंडाशी आलं होतं.
त्यानं मोजून दिले, सुट्ट्यासकट,
मी मोजून घेतले.

काय ठेवणार, विचारलं.
ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.
"बॅटऱ्या," तो म्हणाला, "कानाच्या.
सारख्या हरवतात."

मग यंत्र काढून खिशात टाकलं,
डबी उघड्या कानाशी नेली
आणि झाकण हळूच मिटलं.
काय ऐकू आलं असेल त्याला,
ते त्यालाच ठाऊक.

झाकण मात्र बसलं, बरोबर.
फेब्रुवारी होता.